खोक्यात बसलेली संक्रांत

महाराष्ट्रात 'खेड' नावाची गावं किती, हे एकदा टपालखात्यालाच विचारायला हवं. एक खेड रत्नागिरी जिल्ह्यात, जगबुडी नदीच्या काठी. कोकण रेल्वेनं जाणाऱ्यांना ते चांगलं ठाऊक असतं. एक खेड-शिवापूर, पुण्याहून साताऱ्याकडे जाताना लागतं. आणि तिसरं आपलं भीमेकाठचं खेड, पुणे-नाशिक रस्त्यावरचं, ज्याला आता राजगुरुनगर म्हणतात. शिवराम हरी राजगुरू १९०८ साली इथे जन्मले आणि २३ मार्च १९३१ ला लाहोरच्या तुरुंगात भगतसिंग व सुखदेव यांच्याबरोबर फासावर गेले. गावाला त्यांचं नाव मिळालं ते योग्यच झालं. पण तालुका अजून खेडच आहे, म्हातारी माणसं खेडच म्हणतात, एस.टी.च्या पाटीवर राजगुरुनगर असतं, आणि बाहेरगावचा माणूस पत्ता लिहिताना त्याला जे सुचेल ते लिहितो.

पत्त्याचं हे पुराण मी उगीच लावत नाहीये. माझी धाकटी जाऊ राजगुरुनगरला राहते आणि गेली सात वर्षं ती हलव्याचे दागिने करून विकते. गेल्या डिसेंबरात, म्हणजे २०२५ च्या, तिनं मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून सोनेरी कागद, जर आणि पुठ्ठ्याच्या चकत्या मागवल्या. त्यानं पत्त्यावर नुसतं 'खेड' लिहिलं आणि पिन कोड घातला ४१५७०९, म्हणजे रत्नागिरीच्या खेडचा. माल जगबुडीचं दर्शन घेऊन नऊ दिवसांनी भीमेकाठी आला. संक्रांतीच्या तोंडावर नऊ दिवस म्हणजे काय, हे ज्या बाईनं घरात बसून चार पैसे मिळवलेत तिला सांगायला नको.

राजगुरुनगरचा पिन ४१०५०५. हे सहा आकडे आपल्याकडे आले ते १५ ऑगस्ट १९७२ पासून. ही पद्धत बसवणारे टपालखात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या कोकणातले, आणि संस्कृतातले कवी. एकाच नावाची अनेक गावं, निरनिराळ्या लिप्यांतले पत्ते, न लागणारी अक्षरं, यांवर त्यांनी सहा आकड्यांचा तोडगा काढला. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. शेवटचे तीन म्हणजे थेट आपलं टपाल कार्यालय. माझी जाऊ आता गिऱ्हाइकाचं नाव लिहायच्या आधी पिन लिहून घेते. आणि आपला पत्ता सांगताना 'राजगुरुनगर, खेड तालुका, पुणे जिल्हा' असं एका दमात, मंत्र म्हटल्यासारखं म्हणते.

डिसेंबर संपता संपता मी तिच्या मदतीला गेले. आम्ही कल्याणचे, त्यामुळे माझा रस्ता मुरबाड, माळशेज घाट, ओतूर, आळेफाटा असा. पुणेकर मैत्रिणींना हा फेरा वाटेल, पण आमचा हा रस्ता म्हणजे फार जुन्या मालवाहतुकीचा शेजारी आहे. माळशेजच्या जवळच नाणेघाट. सातवाहनांच्या काळात कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच घाटानं जुन्नरला चढायचा आणि वरचा खाली उतरायचा. घाटमाथ्यावर दगडाचा एक भलामोठा रांजण आहे; त्यात जकातीची नाणी टाकत असत, असं सांगतात. वरती लेण्यात नागनिकेचा शिलालेख. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरातनं माल न्यायचा तर रांजणात नाणं टाकायचं आणि पुढे व्हायचं, एवढंच काम होतं! (अर्थात वाटेत वाघ असणार.)

आळेफाट्याहून दक्षिणेला वळलं की नारायणगाव, मंचर आणि मग राजगुरुनगर. डिसेंबरात हा भाग सुंदर दिसतो. कांद्याची हिरवी रानं, द्राक्षांचे मांडव, सकाळी धुकं. उतरल्यावर पहिल्यांदा मी नदीकडे गेले. भीमेचं पात्र इथे फार मोठं नाही; वरती चासकमानला धरण बांधलेलं. काठाला राजगुरूंचा वाडा आहे. ज्या घरातून एक पोरगा निघून लाहोरपर्यंत गेला ते घर असं साधं, ओसरी-पडवीचं असावं, हे पाहिल्यावर माणूस गप्पच होतो. सिद्धेश्वराचं देऊळ, दिलावरखानाची कबर, जुनी बाजारपेठ, हे सगळं पायी फिरण्याइतकं जवळ. भीमाशंकरला जाणारे बहुतेक लोक इथे चहा पिऊन पुढे जातात, थांबत नाहीत. मी म्हणेन, थांबा.

गावातनं दक्षिणेला १०-१२ किलोमीटरवर चाकण. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी तिथला भुईकोट शाहिस्तेखानाच्या फौजेशी जवळजवळ दोन महिने झुंजवला. हल्ली तिथून ट्रक पुढे सरकायला तितका वेळ लागत नाही, पण संध्याकाळी सहाला चौकात अडकलेल्या माणसाला तसं वाटतं खरं! २००९ साली फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ या दोन जर्मन कंपन्यांचे कारखाने चाकणला सुरू झाले, त्याआधी आणि नंतर कितीतरी. चाकणला जोडलेल्या मोटारी पार मेक्सिकोपर्यंत गेल्या आहेत. माझा दीर तिथल्याच एका कारखान्यात कंत्राटी कामाला आहे. तो संध्याकाळी घरी येऊन सांगतो, आज अमुक इतके कंटेनर भरले. आणि ओट्यापाशी त्याची बायको चारशे ग्रॅमचं खोकं नागपूरला कसं पोचवावं या विवंचनेत. एकाच घरातली ही दोन टोकं.

रेल्वे राजगुरुनगरला नाही. पुणे-नाशिक रेल्वेची चर्चा कित्येक वर्षं चालली आहे. विमानतळही इथे, चाकण-खेडच्या पट्ट्यात व्हायचा होता. २०१६ साली तो पुरंदरला नेण्याचं ठरलं. उरला तो रस्ता. जे काही जायचं ते रस्त्यानं.

आता हलव्याबद्दल. तयार हलवा दुकानात मिळतो, आणि दागिने करणाऱ्या बऱ्याच जणी तोच आणतात. आमच्या जाऊबाई घरी काढतात. थंडीच लागते त्याला. साखरेचा एकतारी पाक, दुधाचा हात देऊन मळी काढलेला. परातीत तीळ, खसखस नाहीतर साबुदाणा, खाली अगदी मंद आच, आणि वर चमच्या-चमच्यानं पाक सोडत बोटांनी फिरवत राहायचं. एका दिवसात होत नाही. तीन-चार दिवस रोज तासन्‌तास बसलं की दाण्यावर काटा येतो. बोटांची टोकं लाल होतात. हवेत जरा दमटपणा आला की सगळं चिकटून गोळा. शेजारच्या दोघी तिच्याबरोबर बसतात, एक काकू साठीच्या पुढच्या आहेत, त्यांच्या हाताला येतो तसा काटा कुणाच्याच हाताला येत नाही.

मग ओवणं, चिकटवणं. नव्या सुनेसाठी हार, तन्मणी, बाजूबंद, बांगड्या, नथ, कंबरपट्टा. जावयासाठी हार, अंगठी, घड्याळ आणि नारळ. बोरन्हाणाच्या बाळासाठी मुकुट, बासरी, वाळे. काळ्या कापडावर पांढरा हलवा ठेवला की असा उठून दिसतो, की सोन्याच्या दुकानात तसं काही दिसत नाही. हे सगळं आपल्याला माहीत आहे. पण आपण ते बघतो तबकात. तबकात येण्याच्या आधी ते खोक्यात असतं, आणि त्या खोक्यानं माझ्या जावेला जेवढं रडवलंय तेवढं पाकानं नाही.

पहिलं म्हणजे वजन. तुम्हाला वाटेल, हलव्याचा दागिना तो किती जड असणार! पण कुरिअरवाले वजन दोन तऱ्हेनं धरतात. एक काट्यावरचं, आणि दुसरं खोक्यानं किती जागा अडवली त्यावरून. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घ्यायची, तिन्हींचा गुणाकार करायचा, आणि त्याला बहुतेक ठिकाणी ५००० नं भागायचं. जे येईल ते किलो. दोन्हींत जे जास्त, त्याचे पैसे. तिचं सुरुवातीचं खोकं ३० बाय २५ बाय १५. गुणाकार ११,२५०. म्हणजे सव्वादोन किलो! प्रत्यक्षात आत माल सहाशे ग्रॅम. बाकीच्या एक किलो साडेसहाशे ग्रॅम हवेचं भाडं ती तीन वर्षं भरत होती, आणि पहिल्या वर्षी तर हे कुणी समजावूनही सांगितलं नव्हतं. नुसतं बिल यायचं.

त्यावर तिनं केलेली युक्ती मला फार आवडली. मुकुट उभा ठेवायचा म्हणून खोक्याला उंची लागत होती. आता मुकुट ती उलगडलेल्या पट्टीसारखा पाठवते, मागे बंद लावून. पोचल्यावर आईनं बाळाच्या डोक्याभोवती बांधायचा. खोक्याची उंची १५ वरून ८ वर आली. ६००० भागिले ५००० म्हणजे एक किलो दोनशे. भाडं जवळजवळ निम्म्यावर. पट्टीचा मुकुट बाळाच्या डोक्यावर बसतोही चांगला, कारण बाळांची डोकी काही एका मापाची नसतात.

दुसरं म्हणजे फुटणं. दागिना खोक्यात ठेवायचा नसतो, टाचायचा असतो. जाड पुठ्ठ्याला सुईनं भोकं पाडून प्रत्येक दागिना चार ठिकाणी दोऱ्यानं बांधायचा, म्हणजे तो हलत नाही. वर बटर पेपर, मग कापसाची पातळ गादी, कडेला दमटपणा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद, आणि मग खोकं. चिकटपट्टी प्रत्येक सांध्यावर. पट्टी जिथे सुटी राहते तिथून मुंगी शिरते, आणि साखरेचा वास मुंगीला कुठल्या गोदामात लागेल सांगता येत नाही. नवीन तऱ्हेचं खोकं केलं की ती ते भरून ओट्यावरून तीनदा खाली टाकते. एकदा तळावर, एकदा कडेवर, एकदा कोपऱ्यावर. 'ताई, वर नाजूक वस्तू असं लाल अक्षरात लिहिलं तरी टाकणारा टाकतोच. त्याला घाई असते. आपण पडणार असं धरूनच भरायचं,' ती म्हणाली.

या भरण्याला एका खोक्यामागे साधारण पाऊण तास आणि नव्वद रुपयांचं सामान लागतं. आणि गिऱ्हाईक विचारतं, 'पोस्टेज वेगळं का?' हाताला काटे येईतो घोटलेल्या हलव्याचे पैसे द्यायला बायका नाखूश नसतात, पण खोकं म्हटलं की त्यांना ते फुकट हवं असतं. आपणही दुकानात असंच करतो की नाही? मी जावेला म्हटलं, तू वेगळं मागूच नकोस, किमतीत धर. ती म्हणाली, मग बाकीच्यांपेक्षा माझा सेट महाग दिसतो. या वादात आमच्या दोन रात्री गेल्या. शेवटी तिनं बाळाच्या सेटला धरून दाखवला, नव्या सुनेच्या सेटला नाही. तिचा धंदा, तिचा हिशेब.

आता पाठवायचं कुणाबरोबर? गावातल्या टपाल कार्यालयावर तिचा भरवसा जास्त, कारण ज्या खेड्यात कुरिअरचा मुलगा जात नाही तिथेही पोस्टमन जातो. पूर्वी आपण रजिस्टर करायचो, ते १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. काकूंना अजून पटत नाही. 'रजिस्टर केलंस ना गं?' असं त्या दर वेळी विचारतातच. जवळच्या गावांना मात्र आमच्याकडची जुनी रीत बरी वाटते. एस.टी.त कंडक्टरच्या स्वाधीन डबा करायचा आणि पुण्याच्या स्टँडवर भाच्यानं तो उतरवून घ्यायचा, यावर किती मुलांची शिक्षणं झाली! १९४८ साली पुणे-नगर मार्गावर पहिली एस.टी. धावली तेव्हापासून आपल्या बायकांनी तिच्यावर माहेरपणाचा किती माल लादला असेल, त्याचा हिशेब कुणाकडे नाही.

कुरिअरची तऱ्हा निराळी. नारायणगाव इथून ३०-३५ किलोमीटर, उत्तरेला. पण तिचं पार्सल आधी दक्षिणेला, पुण्याकडच्या मोठ्या गोदामात जातं, तिथे रात्री छाटणी होते, आणि मग तेच पार्सल राजगुरुनगरवरूनच नारायणगावला जातं. तिला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा ती दिराला म्हणाली, 'तुम्हीच मोटारसायकलवर देऊन या.' हा वेडेपणा वाटतो, पण त्यात हिशेब आहे. सगळं आधी एका नाक्यावर आणायचं आणि तिथून फाटे फोडायचे, ही रीत अमेरिकेत फेडरल एक्सप्रेस कंपनीनं १९७३ साली मेम्फिस शहरातून विमानं उडवून रूढ केली. हजारो गावं एकमेकांना थेट जोडण्यापेक्षा प्रत्येक गाव एका नाक्याला जोडणं स्वस्त पडतं. मुंबईहून दिल्लीला जाणाऱ्याचं त्यात भलं होतं, आणि खेडहून नारायणगावला जाणाऱ्याचे दोन दिवस जातात.

घरपोच मिळाल्यावर पैसे, हा प्रकार तिनं दोन वर्षं करून सोडून दिला. आपल्या आयांच्या काळची व्ही.पी. म्हणजे हेच, टपालखात्यानं ती १८७७ साली सुरू केली आणि मासिकांतल्या जाहिराती वाचून बायकांनी किती वस्तू व्ही.पी.नं मागवल्या असतील. पण व्ही.पी. परत येणं तेव्हाही दुकानदाराच्या जिवावर यायचं, आणि आता तर दाराशी येऊन 'नको' म्हणणं फारच सोपं झालंय. साडी परत आली तर दुसरीला विकता येते. हलव्याचा हार संक्रांतीनंतर परत आला तर कुणाला विकणार? तिचं एक खोकं असंच दोन्हीकडचं भाडं तिच्या माथी मारून फेब्रुवारी अखेरीस परत आलं. उघडलं तर आत मुंग्यांचं वारूळ आणि रिकामा दोरा. तेव्हापासून पैसे आधी. मोबाइलवर पैसे आले की मगच ती पुठ्ठा कापायला घेते.

खरी कसोटी परदेशची. २०२५ च्या उन्हाळ्यात तिच्या वहीत अमेरिकेच्या अठरा मागण्या आगाऊ लागल्या होत्या. तिच्या दृष्टीनं ते मोठं साल ठरणार होतं. त्याच भरवशावर तिनं बचत गटातून तीस हजार उचलले होते आणि पुतणीच्या कॉलेजची दुसरी फी त्यातूनच निघायची होती. आणि ऑगस्टमध्ये बातमी आली. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या मालावर जकात नसे, ती सवलत २९ ऑगस्टपासून बंद. आपल्या टपालखात्यानं २५ ऑगस्टपासून तिकडची पार्सलं घेणं थांबवलं. ती पुन्हा सुरू झाली १५ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाच्या सहा दिवस आधी. ज्यांच्या घरून मुलांना फराळ जातो त्यांनी हे सगळं सोसलंय. पार्सलं सुरू झाली ती या अटीवर की तिकडची जकात इथेच, पाठवतानाच भरायची. आणि तेव्हा तो दर होता मालाच्या किमतीच्या ५० टक्के.

अठरातल्या अकरा जणींनी मागणी काढून घेतली. एकीनं सुचवलं, 'भेटवस्तू म्हणून लिहा ना, शंभर डॉलरपर्यंतच्या भेटीला जकात नाही.' जाऊ म्हणाली, 'भेट द्यायला ती काय माझी भाची आहे? पैसे घेऊन भेट म्हणायची नाही.' मला तिचा अभिमान वाटला, हे इथे लिहून ठेवते. तिच्या जागी अकरा मागण्या गेलेली दुसरी कुणी असती तर तिनं काय लिहिलं असतं, ते मी विचारणार नाही.

त्यात आणखी एक पेच. परदेशी पार्सलावर वस्तूचा सांकेतिक आकडा घालावा लागतो. हलव्याचा दागिना हा दागिना की खाऊ? साखरेच्या मिठाईचा आकडा १७०४, नकली दागिन्यांचा ७११७. एकदा तिनं अर्जावर सरळ 'ज्वेलरी' लिहिलं तर खिडकीतल्या बाईंचा हात थांबला. 'सोनं आहे?' 'नाही हो, साखर आहे.' 'मग ज्वेलरी कशी?' मागच्या रांगेतले आजोबा म्हणाले, 'संक्रांत आली वाटतं.' बाई हसल्या, पण अर्ज नवीन लिहावा लागला. खाऊ म्हणावं तर अमेरिकेत २००२ च्या कायद्यापासून विक्रीच्या खाद्यपदार्थाची आगाऊ सूचना द्यावी लागते, ते घरगुती बाईच्या आवाक्याबाहेरचं. म्हणून टपालानं अमेरिकेला ती आता पांढऱ्या मण्यांचे दागिने पाठवते, आकडा ७११७. खऱ्या हलव्याचे जातात कुणाच्या तरी सासूच्या बॅगेतून. तेवीस किलोच्या त्या बॅगेत लोणचं, भाजणी आणि सुनेच्या बाळंतपणाचे डिंकाचे लाडू यांच्यामध्ये माझ्या जावेचं आठ सेंटिमीटरचं खोकं बसतं. त्या सासूबाई विमानतळावर काय आहे ते सांगून टाकतात आणि पुढे जातात. गेल्या संक्रांतीला अशा तीन सासवा तिनं पुण्यातून शोधून काढल्या.

दुबईच्या मागणीची गंमत आणखी वेगळी. संयुक्त अरब अमिरातीत खसखस मादक द्रव्यांच्या कायद्याखाली बंद आहे. सिंगापूरलाही चालत नाही. आणि आपल्या बारीक हलव्याच्या पोटात काय, तर खसखस! म्हणून तिकडचा हलवा फक्त तिळाचा किंवा साबुदाण्याचा, आणि त्याची परातसुद्धा वेगळी. काकू चिडल्या होत्या. 'खसखशीचा काटा बारीक येतो, तिळाचा तसा नाही यायचा,' असं त्यांचं म्हणणं. पण मैत्रिणींनो, कुणाचा जावई तिकडे असेल आणि खिरीसाठी खसखस पाठवायचा विचार असेल, तर पाठवू नका.

या सगळ्यावर आणखी एक घड्याळ चालू असतं, ते पंचांगाचं. संक्रांत १४-१५ जानेवारीच्या पुढेमागे होत नाही, ती सूर्याची. पण हळदीकुंकू आणि बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत चालतं, आणि रथसप्तमी तिथीनं येते. २०२४ साली ती १६ फेब्रुवारीला होती. संक्रांतीनंतर महिनाभर सवड. २०२५ साली ४ फेब्रुवारीला. आणि या २०२६ साली २५ जानेवारीला! १४ तारखेची संक्रांत आणि २५ ला सगळं संपलं. जे खोकं वाटेत पाच दिवस अडकलं ते कायमचंच अडकलं.

१२ जानेवारीला रात्री तिच्याकडे एकतीस खोकी भरायची होती. कोल्हापूर, नांदेड, इंदूर, बेळगाव, बडोदा, बंगळूर. दीर दुसऱ्या पाळीहून आला आणि न जेवता पत्ते चिकटवायला बसला. पुतणी मोबाइलवर एकेक पिन तपासून मोठ्यानं वाचत होती. काकूंनी खोक्यांभोवती हळदीची रेघ ओढली, मुंग्यांसाठी. पहाटे दोनला आम्ही उठलो तेव्हा एका बाळाच्या मुकुटाचा एक दाणा गळलेला सापडला. जावेनं तो पुठ्ठा सोडवून दाणा परत बसवला. मी म्हटलं, एक दाणा कुणाला कळणार? तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं.

एकतीसपैकी सव्वीस वेळेवर पोचली. तीन रथसप्तमीच्या आत पोचली. एक बडोद्याहून परत आलं, घर बंद होतं. एक अजून कुठे आहे ते ठाऊक नाही. त्या बाईचे पैसे तिनं तिसऱ्या दिवशी परत केले, कुरिअरकडून काही मिळण्याची वाट न बघता. बचत गटाचे तीस हजार मार्चमध्ये फिटले, फी मात्र दोन हप्त्यांत भरावी लागली.

मी निघताना ती पुठ्ठ्याचे उरलेले तुकडे मोजत होती. पुढच्या वर्षासाठी खोक्याची उंची ८ वरून ७ करता येईल का, याचा प्रयोग चालू होता. मधेच पुतणीनं मोबाइलवर २०२७ चं पंचांग काढलं आणि ओरडली, 'आई, रथसप्तमी १३ फेब्रुवारीला!' जाऊ कात्री खाली ठेवून बोटांवर दिवस मोजायला लागली.